नऊ हजारांचा आकडा आणि उपाशी बांगडे

कुर्लीला उचलून समुद्रात फेकून द्यावं, असं मला त्या गुरुवारी फार वाटलं. पण फेकून उपयोग नव्हता. ती रोज समुद्रातच जाते आणि रोज परत येते, हाच तर सगळा वैताग आहे.

कुर्ली म्हणजे आमच्या मालवणीत खेकडा. ही कुर्ली मात्र यंत्रमानव आहे. सहा पाय, पिवळी पाठ, पाठीवर उन्हावर चालणारा पत्रा आणि पोटात एक सूक्ष्मदर्शक (बारीक वस्तू मोठी करून दाखवणारं यंत्र). २०५१ साली सागर संशोधन केंद्राने किनाऱ्यावरच्या प्रत्येक शाळेला अशी एकेक कुर्ली दिली. आमच्या मोरवेलच्या शाळेलाही मिळाली. रोज पहाटे ती चालत समुद्रात शिरते, ठरलेल्या जागी मलमलीपेक्षा बारीक जाळं पसरते आणि त्यात सापडलेले प्राणीप्लवक (पाणी नेईल तिकडे वाहत जाणारे इवलेसे प्राणी) मोजते. मी, जुई खवणेकर, सातवीची प्लवकप्रमुख. म्हणजे कुर्ली आमच्या अंगणात ठेवायची, तिचे पाय गोड्या पाण्याने धुवायचे आणि तिने सांगितलेला आकडा शाळेच्या फळ्यावर लिहायचा. हे पद दुसऱ्या कुणालाच नको होतं.

कुर्लीला एक खोड आहे. काहीही सांगून झालं की ती विचारते, "आणखी काही शंका?" तुम्ही नाही म्हटलंत तरी विचारते. झोपेत बडबडलात तरी विचारेल.

आता माझ्या आजोबद्दल सांगते, कारण भानगड त्याच्यापासून सुरू होते. आजो म्हणजे आजोबा. आमच्या गावात अजून रापण ओढतात. होडीतून मोठं जाळं समुद्रात अर्धगोल सोडायचं, त्याचे दोन दोर किनाऱ्यावर आणायचे आणि दोन्हीकडून सगळ्या गावाने ओढायचं, ही रापण. चाळीसेक माणसं लागतात. मासे आलेत हे कळणार कसं? तर खाडीच्या तोंडाशी जो उंच कातळ आहे, त्यावर आजो उभा असतो. पाण्याचा रंग, पक्ष्यांच्या घिरट्या, लाटेवरची थरथर बघून तो ठरवतो आणि लाल पंचा हलवतो. पंचा हलला की दुकानदार दुकान सोडून, बाया चुलीवरचं उतरवून आणि गुरुजी आम्हांला सोडून धावतात. चाळीस वर्षं आजोचा पंचा खोटा ठरला नव्हता.

या भाद्रपदात तो दोनदा खोटा ठरला.

दोन्ही वेळा जाळ्यात आले ते झार. झार म्हणजे पाण्यातले थलथलीत, पारदर्शक, अंगाला लागले की आग आग करणारे प्राणी. लोकांचे हात सुजले. रापणीचे पुढारी गुंडूकाका तांडेल हात खाजवत सगळ्यांसमोर आजोला म्हणाले, "भिकाजी, आणि एकदा असा झाला, तर पंचो दुसऱ्याच्या हातात जातलो. आम्ही काय झार ओढूक इलंव?"

तेव्हापासून आजो कातळावर जायचा, पण पंचा हलवायचा नाही. नुसता बघत बसायचा. घरी आला की जेवायचा नाही. मला ते बघवेना. म्हणून त्या गुरुवारी कुर्लीने आकडा सांगितला, तेव्हा मी पाय धुवायचं टाकून कातळाकडे पळत सुटले.

"आजो, नऊ हजार! एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर खोल एवढ्या पाण्यात नऊ हजार प्राणीप्लवक! गेल्या वर्षी याच दिवसात चार हजार होते. आणि बांगडे हेच खातात. जेवण दुप्पट म्हणजे बांगडे येतलेच!"

आजोने पाण्याकडे बघितलं. पाणी काळपट होतं, पक्षीही होते. तरी तो घुटमळला. "खरा मां?"

"शंभर टक्के," मी म्हणाले.

आजोने पंचा हलवला. त्रेचाळीस माणसं आली. दोन तास ओढलं. जाळ्यात झार होते, भरपूर झार, आणि दीड पाटी बांगडे. तेही असे रोड, की पाठीचा काटा बाहेरून मोजता यावा.

"म्हाताऱ्याक आता दिसणा नाय," गुंडूकाका म्हणाले. "रविवारी बैठक घालूया. काय ता ठरवूया."

'नातीने सांगितलं म्हणून हलवला' एवढं एक वाक्य आजो बोलू शकला असता. बोलला नाही. आणि मी? मी तिथेच उभी होते. मीही बोलले नाही. हे लिहितानासुद्धा मला माझाच राग येतो.

घरी आले ती तडक कुर्लीसमोर जाऊन बसले.

"तू चुकीचा आकडा सांगितलास."

"आकडा बरोबर आहे. तीनदा मोजला."

"मग बांगडे का नाही आले? आले ते उपाशी का?"

"बांगडे मोजणं माझ्या कामात नाही. आणखी काही शंका?"

माझ्या हातात धुण्याचा ब्रश होता. तो मी फेकला नाही, हे माझ्यावर चांगले संस्कार असल्यामुळे.

मागच्या दारी आजो त्या रोड बांगड्यांतला एक साफ करत होता. त्याने पोट चिरलं, आतलं अंगठ्यावर घेऊन चोळलं आणि मला दाखवलं. "हयसर बघ. पूर्वी ह्या दिवसांत बांगड्याच्या पोटात तांबडा तेल असायचा. हात पुसलो तरी जायचा नाय. आता नुसता पाणी. काय तरी खाल्ल्यान हा, पण त्यात जीवच नाय."

पोट भरलेलं होतं. पण त्यात जीव नव्हता. मी तशीच उठले आणि पुन्हा कुर्लीकडे गेले.

"आज मोजलेले नऊ हजार केवढे होते?"

"सरासरी अर्धा मिलिमीटर लांब."

"आणि गेल्या वर्षीचे चार हजार?"

"सरासरी दीड मिलिमीटर."

"हे तू मला सकाळी का नाही सांगितलंस?"

"तू संख्या विचारतेस. रोज संख्याच विचारतेस. आकार कधी विचारला नाहीस. आणखी काही शंका?"

होत्या. पण आधी मी पाच मिनिटं अंगणात फेऱ्या मारल्या. तिचं म्हणणं खरं होतं, हे जास्त झोंबत होतं. फळ्यावर एकच रकाना आखला होता आणि तो मीच आखला होता.

फेऱ्या मारताना मी हिशोब केला. दीड मिलिमीटरचा प्राणी अर्ध्या मिलिमीटरच्या तिप्पट लांब. म्हणजे तिप्पट जड? नाही! लांबी तिप्पट, रुंदी तिप्पट आणि जाडीही तिप्पट. तीन गुणिले तीन गुणिले तीन म्हणजे सत्तावीस. एक मोठा प्राणी सत्तावीस लहानांच्या वजनाचा. मग नऊ हजार लहान म्हणजे किती मोठे? भागाकार केला, तर जेमतेम तीनशे तेहतीस. गेल्या वर्षी चार हजार मोठे होते! जेवण दुप्पट झालं नव्हतं. बाराव्या भागावर आलं होतं.

"शिवाय," कुर्ली म्हणाली, "गेल्या वर्षीचे बहुतेक मोठे कोपेपॉड होते (वल्ह्यासारखे पाय मारत पोहणारे, झिंग्यांचे सूक्ष्म भाऊबंद). ते अंगात तेल साठवतात. लहान जातींत तेल फार कमी."

म्हणजे परातभर पुरणपोळ्या उचलून तिथे परातभर कुरमुरे ठेवले होते. मोजायला कुरमुरे जास्त भरतात. बांगडा दिवसभर खातो आणि उपाशी राहतो.

"पण मोठे गेले कुठे? कुणी पळवले?"

"कुणी पळवले नाहीत. त्यांना वर आणणारं पाणी वर आलं नाही."

आता हे असलं कोड्यात बोलणं मला सहन होत नाही. मी तिला बजावलं, की एकेक पायरी सांग, आणि मध्ये शंका विचारलीस तर पत्रा काढून घेईन. मग तिने नीट सांगितलं, ते असं.

समुद्राचं पाणी वरपासून खालपर्यंत एकसारखं नसतं. वरचं उन्हाने तापलेलं, म्हणून हलकं. खालचं थंड आणि जड. वर जे काही मरतं ते खाली बुडतं आणि कुजतं, म्हणून खालच्या पाण्यात खत साठतं. पावसाळ्यात आणि त्याच्या शेवटी आमच्या किनाऱ्याच्या कडेने वायव्येचा वारा वाहतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्यामुळे वाऱ्याने ढकललेलं पाणी सरळ न जाता उजवीकडे वळतं. आमच्याकडे वाऱ्याच्या उजवीकडे म्हणजे खोल समुद्राकडे. किनाऱ्याजवळचं वरचं पाणी असं निघून गेलं की त्याची जागा भरायला खालचं थंड, खतवालं पाणी वर चढतं. याला ऊर्ध्वप्रवाह (खालून वर येणारा प्रवाह) म्हणतात. त्या खतावर वनस्पतीप्लवक (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती) वाढतात, तेही मोठ्या जातींचे. मोठे कोपेपॉड एरवी खालच्या थंडाव्यात दडून असतात. ते या प्रवाहाबरोबर वर येतात, वनस्पतीप्लवक खाऊन लठ्ठ होतात आणि मग बांगड्यांची चंगळ होते.

"मग यंदा वारा नव्हता का?"

"होता. पण वरचा गरम थर जाड झाला आहे. माणसांनी दीडशे-दोनशे वर्षं कोळसा आणि तेल जाळलं. त्यामुळे जी जादा उष्णता साठली, तिच्यातली बरीचशी समुद्रानेच पोटात घेतली. आता वारा पाणी ढकलतो, पण जागा भरायला खालून येतं तेही गरम थरातलंच. त्यात खत नाही. मग अगदी बारीक वनस्पती तेवढ्या वाढतात. त्यांना खाणारे प्राणीही बारीक. झारांना मात्र गरम पाणी चालतं आणि बारीकसारीक खाणंही चालतं. त्यांच्या आडोशाला छोटे मासे जमतात, त्या गर्दीने पाणी काळपट दिसतं आणि त्या माशांवर पक्षी येतात."

म्हणजे आजोचे डोळे चुकले नव्हते! काळपट पाणी खरं होतं, पक्षी खरे होते. समुद्रानेच खुणांचे अर्थ बदलले होते आणि कुणाला कळवलं नव्हतं.

रविवारी बैठक शाळेच्या ओट्यावर भरली. मी शाळेतली माशांची रिकामी काचपेटी, टेबलावरचा छोटा पंखा आणि आईने वर्षभरासाठी ठेवलेल्या कोकमाच्या आगळाची (मीठ घातलेल्या दाट रसाची) एक बाटली घेऊन गेले. मागोमाग कुर्ली. आजोला काही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्याने येऊ दिलं नसतं.

"ह्या चेडवाक हयसर कोणी बोलावल्यान?" गुंडूकाकांनी माझ्याकडे बोट दाखवत विचारलं.

"कोणी नाय. गुरुवारी पंचो माझ्यामुळे हललो," मी म्हणाले. "आजो हलवी नव्हतो. मीच त्याका आकडो सांगलंय आणि शंभर टक्के म्हटलंय. चूक माझी आसा."

आजोने डोक्याला हात लावला. मग सगळे एकदम बोलायला लागले. मोठी माणसं एकदम बोलतात तेव्हा ऐकत कोण असतं, हे मला न सुटलेलं कोडं आहे. शेवटी कुर्लीने भोंगा वाजवला.

मी काचपेटीत फ्रिजमधलं थंड, खारट आगळ ओतलं. त्यावर हळूच, वाटीच्या आधाराने साध्या पाण्याचा पातळ थर सोडला. खाली लाल, वर पांढरं. पेटीच्या एका टोकाला पंखा लावला. वारा पाण्यावरून वाहिला, वरचं पाणी पलीकडे सरकलं आणि पंख्याजवळच्या कोपऱ्यात लाल रंग तिरका होऊन थेट वर आला.

"हो खालचो थंड समुद्र," मी म्हणाले. "ह्यात खत, ह्यात बांगड्यांचा जेवाण."

"खऱ्या समुद्रात कोकम नसतं," कुर्ली म्हणाली. "तसंच खऱ्या समुद्रात पाणी वाऱ्याच्या उजवीकडे..."

"गप!" हे मी आणि गुंडूकाका एकाच वेळी म्हणालो.

मग पंखा बंद करून मी वर आणखी चार इंच पाणी ओतलं, तेही कोमट. पुन्हा तोच पंखा, तोच वारा. लाल थर थोडासा कलला आणि तिथेच राहिला. वर आलाच नाही. पंखा मिनिटभर मोठा केला, तरी वर पांढरं ते पांढरंच.

"आगळ फुकट घालवल्यान," मागून कुणीतरी म्हणालं. पण बाकीचे पुढे वाकून बघत होते.

मी त्यांना दीड आणि अर्ध्या मिलिमीटरचा हिशोब सांगितला, सत्तावीसची गोष्ट सांगितली, झारांची सांगितली. गुंडूकाकांनी पेटीच्या काचेवर बोट टेकवलं. "मग आता काय? समुद्र गार करतलंस तू?"

"मी एकटी नाय करूक शकत. ता सगळ्या जगाक करूचा लागतला. पण कुर्ली म्हणता, खऱ्या समुद्रात वारो सलग चार दीस जोरात वायलो, तर थर पातळ होता आणि थंड पाणी अजून वर येता. ता कधी येता, ह्या कुर्ली बघात. आणि पाण्यात काय चल्लाहा ता आजो बघात. दोघांनी मिळून सांगल्यावरच पंचो हलात."

शेवटी आजोला एक संधी द्यायची, असं ठरलं. एकच. घरी जाताना आजो माझ्यावर उखडला. "तू कशाक बोललंस? माझा नाव जायत होता, ता जाऊक देवचा होता!"

"पण चूक माझी होती."

"पंचो कोणाच्या हातात होतो? माझ्या! खात्री नसताना मी हलवलंय." घराच्या पायरीशी तो थांबला. "आणि आकडो नको सांगू माका. काय सापडला ता दाखव."

दाखवलं आणि पस्तावले. दुसऱ्या दिवशी कुर्लीच्या सूक्ष्मदर्शकातून त्याने जिवंत कोपेपॉड पहिल्यांदा पाहिला आणि मग तो तिथून हलेचना. "ह्ये सगळे हयसरच होते? सत्तर वर्सां मी ह्यांच्यातच पोवतंय?" कुर्लीने त्याला विचारलं, "आणखी काही शंका?" आजोला एकशे अकरा शंका होत्या. दोघं दुपारपर्यंत बसले. माझी शाळा बुडाली, त्याचं कुणाला काही नाही.

बुधवारी वायव्येचा वारा सुटला. शनिवारी कुर्ली सांगू लागली की तळाजवळचं थंड पाणी नऊ मीटर वर चढलंय. रविवारी नमुन्यात पहिले मोठे कोपेपॉड आले. गुंडूकाका रोज सकाळी दारात हजर. "आज हलव! पाणी काळा झाला, पक्षी इले!"

"नाय," आजो म्हणायचा. "ते झारच. बाबांनो, जेवाण आत्ता ताटात पडता. जेवणारे येवक दोन दीस लागतले."

लोक चिडले. पलीकडच्या वाडीतले दोघेतिघे तर कातळाखाली येऊन टोमणे मारून गेले. मीसुद्धा चिडले, कारण कुर्लीला विचारलं तर ती म्हणाली, "बांगडे मोजणं माझ्या कामात नाही." आजो पंचा कमरेला बांधून बसून राहिला. मंगळवारी नमुन्यात निम्मे प्राणी मोठे होते आणि त्यांच्या अंगातला तेलाचा थेंब सूक्ष्मदर्शकात चमकत होता. आजो कातळावर चढला. तासभर त्याने पाण्याकडे बघितलं, आणि मग पंचा हलवला.

मी खाली दोराजवळ उभी होते. गेल्या वेळी त्रेचाळीस माणसं होती. यावेळी मी मोजली, सव्वीस. सव्वीस माणसांनी रापण ओढणं म्हणजे गंमत नाही. गुरुजींनी दोर कमरेला गुंडाळला, आईने पदर खोचला. मध्येच दुकानदार धावत आला, मग टोमणे मारणारेही आले. जाळं वाळूला लागलं तेव्हा आत बांगडे उड्या मारत होते. आजोच्या तरुणपणी भरायच्या तशा नव्हे, पण चौदा पाट्या भरल्या. झारही होते थोडे. कुणी त्यांच्याबद्दल बोललं नाही.

हे सगळं कायमचं सुटलेलं नाही, हे मला माहीत आहे. गरम थर तिथेच आहे. पुढच्या वर्षी वारा उशिरा आला तर? थंड पाणी दहा दिवस वर राहण्याऐवजी तीनच दिवस राहिलं तर? मला मोठं झाल्यावर जहाजातून लांब जायचंय. ते पाणी जिथून निघतं तिथपासून त्याचा माग काढायचाय. आत्ता फळ्यावर मी पाच रकाने आखलेत आणि शेजारच्या तीन गावांच्या शाळांनीही आखलेत. संशोधन केंद्राने आजोला पत्र पाठवून बांगड्यांच्या पोटांबद्दल विचारलंय. त्याला उत्तर लिहून देण्याचं कामही अर्थात माझ्याच गळ्यात आहे.

त्या मंगळवारी पाट्या उचलून झाल्यावर गुंडूकाका माझ्याकडे आले. आजोकडे नाही, माझ्याकडे. सगळी माणसं ओल्या वाळूत उभी होती.

"मगे जुये, उद्या काय? उद्या गावतले?"

माझ्या ओठांवर 'गावतले', म्हणजे मिळतील, हे आलंच होतं. सगळ्यांना तेच ऐकायचं होतं आणि मलाही तेच सांगायचं होतं. मी आजोकडे बघितलं. तो मुद्दाम दुसरीकडे बघत होता.

"माका ठाऊक नाय," मी म्हणाले. "सकाळी मोजून सांगतंय."

मला वाटलं, आता सगळे ओरडणार. गुंडूकाकांनी खांद्यावरचा दोर खाली घेतला आणि व्यवस्थित गुंडाळायला लागले.

"सकाळी सांग," ते म्हणाले. "आम्ही थांबतंव."